जेवून मग सही

१२ ऑगस्ट

प्रिय आत्या,

बस सुटताना तू खाली उभी राहून ओरडलीस, "अभ्यासाचं तुझ्या बापाला लिही! मला फक्त काय खाल्लंस ते लिही, बाकीचं मी ओळखीन!" अख्खी बस हसली. शेजारच्या बाईंनी मला विचारलं, "कोण गं त्या?" मी म्हटलं, "आमच्याकडचं हवामान खातं."

तर घे. सकाळी पाव, लोणी, उकडलेली अंडी. दुपारी भात, बटाट्याचा रस्सा, कोबी. संध्याकाळी सूप, पाव आणि दुपारचा कोबी नाव बदलून. आम्ही पहिल्या वर्षाचे साठजण एकाच लांब टेबलावर बसतो. जागा पुरत नाही, कोपर कोपराला लागतं, आणि मीठ टेबलाच्या त्या टोकाकडून येईपर्यंत अर्धं जेवण होतं. परवा अंडी खाण्याची पैज लागली. मी सात खाल्ली आणि दुसरी आले. पहिली आलेली मुलगी अजून झोपून आहे.

मेसच्या मुख्य बाईंना सगळे कर्नल म्हणतात. डाव हातात घेऊन दारात उभ्या राहतात. ताटात टाकलं तर काही बोलत नाहीत, नुसत्या बघतात. ते जास्त वाईट.

सोमवारपासून शरीररचनेचे तास सुरू होतील. पशुवैद्य व्हायला निघाले आणि गाय आतून कशी असते ते ठाऊक नाही, असं किती दिवस चालणार?

तुझी,
बुटकी


२२ ऑगस्ट

बुटके,

अनेक आशीर्वाद आणि एक रपाटा. सात अंडी! तुझ्या बापानंही लहानपणी अशीच पैज लावली होती आणि दोन दिवस तो अंगणात कोंबडी दिसली तरी तोंड फिरवायचा.

तुझं पत्र भाजीच्या ट्रकमधून गुरुवारी आलं, गाजरांच्या पोत्यावर बसून. इथे डोंगरात फोन लागत नाही. ऑफिसात एक आहे, तो फक्त अपघाताला उचलायचा. बोगदा आता निम्म्यावर आलाय. दोनशे दहा माणसं, तीन पाळ्या, म्हणजे माझी चूल विझतच नाही. काल कांदा परतला तेव्हा अशी चरचर झाली की बाहेर ड्रिल थांबलं तरी कुणाला कळलं नाही. ड्रिलवाला हल्ली प्रत्येक पातेल्यात पहिला चमचा बुडवतो. मी म्हणते, बुडव बाबा, तेवढाच तुझा मान.

तुझं ओळखलं हं मी. मीठ उशिरा येतं म्हणजे तू टेबलाच्या टोकाला बसतेस. म्हणजे उशिरा पोचतेस. म्हणजे सकाळी उठत नाहीस. पण कोपराला कोपर लागतंय ना, मग मला काळजी नाही. जेवताना ज्याला शेजारच्याचा धक्का लागतो तो माणूस सुखी असतो.

ताटात टाकू नकोस.

आत्या


३ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

उशीर झाला, रागावू नकोस. वेळच नाही.

लांब टेबल आता मोडलंय. टेबल आहे तिथेच, माणसं पांगली. काहीजण खोलीवर मागवून खातात. काहीजणांनी व्यायामशाळा धरलीय, ते भाताकडे शत्रूसारखं बघतात. हुशार मंडळी एका हातात पाव आणि दुसऱ्या हातात वही घेऊन खातात, त्यांच्या वह्यांना लोण्याचे डाग. पहिल्या महिन्यात जेवायला तास लागायचा, आता सात मिनिटं.

शरीररचनेच्या तासाला जनावराला जे औषध लावून ठेवतात त्याचा वास हातांना चिकटतो. तीनदा साबण लावला तरी घास तोंडाजवळ नेला की तोच. मग चमच्यानं खाते. आणि आम्ही खोलीत किटली आणलीय. तिच्यात शेवया होतात, अंडी होतात, एकदा बटाटाही झाला, दोन तासांनी. आम्हाला तेवढं बरं पडतं.

हाडांची नावं दोनशेच्या वर आहेत. गाय उभी राहते तरी कशी, देव जाणे.

बुटकी


१६ ऑक्टोबर

बुटके,

"आम्ही." एका पत्रात दोनदा "आम्ही". हे आम्ही म्हणजे कोण? किटली एक, त्यात शेवया एका माणसाला होतात, फार तर दीड माणसाला. दोघंच असणार. त्याचं नाव काय, किती उंच आहे, आणि कांदा खातो का, एवढं कळव. तुझ्या बापाला मी सांगणार नाही. म्हणजे लगेच सांगणार नाही.

गमतीचं सोड. सात मिनिटांत जेवण हे काही मला पटलं नाही. इथे सुरुंग लावायच्या आधीसुद्धा लोक वीस मिनिटं जेवतात. आणि हाताच्या वासाला लिंबाची फोड चोळ, मग कोरडा चहाचा चोथा. माझे मासेवाले दिवस आठव.

या आठवड्यात भोपळ्याचं सूप केलं. रंग असा आला की पाळीवरच्या लोकांनी वाटीत बोट बुडवून पाहिलं.

आत्या


२४ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

कोणी उंच नाही आणि बुटकाही नाही. "आम्ही" म्हणजे मी आणि खोलीतली मैत्रीण. ती आता दुसऱ्या गटात राहायला गेली, किटली तिचीच होती.

माझं उत्तम चाललंय. तुला सविस्तर हवं असतं म्हणून या आठवड्याचं लिहिते. सोमवार: भात, घेवडा, गाजराची कोशिंबीर. मंगळवार: बटाट्याचा रस्सा, पाव. बुधवार: मसुराचं सूप, भात. गुरुवार: पालक, अंडी. शुक्रवार: मिश्र भाजी, पाव. शनिवार: टोमॅटोचं सूप, भात. रविवार: कोंबडी, केळं. सगळं छान होतं.

एक विचारायचं होतं. माझ्या एका मैत्रिणीला अभ्यासक्रम मध्येच सोडायचाय. तुमच्या कॅम्पच्या ऑफिसात लिहायवाचायला माणूस लागतो का? तिचं अक्षर चांगलं आहे.

बुटकी


१ डिसेंबर

बुटके,

हे जेवण नाही, हा फळा आहे.

मेसच्या दाराशी टांगलेला फळा उतरवून पाठवलास तू मला. मी तीस वर्षं स्वयंपाकघरं चालवलीत गं. सोमवारच्या फळ्यावर लिहिलेलं सोमवारीच शिजलं, असं माझ्या जन्मात तीनदा झालं असेल, तेसुद्धा साहेब तपासणीला यायचे म्हणून. घेवडा येत नाही, गॅस संपतो, पालकात अळ्या निघतात. सात दिवस फळ्याबरहुकूम जेवण मिळणारी मेस असती, तर मी नोकरी सोडून तिथे जेवायला आले असते.

आणि "सगळं छान होतं"? मेसचं? पहिल्या पत्रात तू कोबीची टिंगल केलीस तेव्हा तू मेसमध्ये होतीस. जो जेवतो तो नावं ठेवतो. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, इथे तर शितच नाही पातेल्यात. तू तिथे जातच नाहीयेस. तो फळा तू येताजाता बाहेरून वाचलायस.

त्या मैत्रिणीचं अक्षरही मी ओळखते. जन्मल्यापासून बघतेय.

रागावले आहे, पण त्याहून जास्त घाबरले आहे. तुझ्या खोटेपणाचं मला काही नाही, माझ्याशी खोटं बोलावंसं तुला वाटलं याचं वाटतं. काय खातेस ते खरं लिही. पुढल्या ट्रकने.

आत्या


१० डिसेंबर

आत्या,

बिस्किटं. चहात बुडवून. खिडकीत उभं राहून, कारण बसलं की जेवल्यासारखं वाटतं आणि मग भूक लागते. एकोणीस दिवस झाले. मधे दोनदा केळी.

पहिल्या चाचणीत मी दोन विषयांत नापास झाले. शरीररचना आणि रसायनशास्त्र. नापासांची यादी त्यांनी मेसच्या दारावर लावली, कारण तिथून सगळेच जातात. अकरा नावं होती, माझं चौथं. त्या दिवशी मी दारापर्यंत गेले, यादी वाचली, आतून ताटांचा आवाज येत होता, आणि मी वळून आले. मग दुसऱ्या दिवशी भूक नाही म्हटलं. मग रोजचंच झालं. यादी आठवड्यानं काढली, पण आता इतक्या दिवसांनी गेले तर सगळे बघतील असं वाटतं.

नाव काढून घेण्याचा अर्ज मी भरून ठेवलाय. फक्त सही राहिलीय. पाच जानेवारी शेवटची तारीख. त्याआधी दिला तर निदान पुढच्या वर्षी दुसरीकडे काही शिकता येईल. बाबांना यातलं काही माहीत नाही. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ते माप घेता घेता सांगतात, मुलगी डॉक्टर होतेय, जनावरांची. त्यांना कसं सांगू?

तू सांग, सही करू ना? तू हो म्हणालीस तर मला हलकं वाटेल.

बुटकी


१७ डिसेंबर

माझे बाळ,

हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही. तुला इथली एक रीत सांगते.

माझ्या कॅम्पात नोकरी सोडायचा कागद जेवणानंतरच घेतात. पहिल्या वर्षी चौदा माणसं सकाळच्या पाळीआधी, उपाशीपोटी, कागद टाकून डोंगर उतरून गेली. त्यातली नऊ पुढच्या ट्रकने परत आली, खाली मान घालून. तेव्हा मी इंजिनिअरसाहेबांना म्हटलं, साहेब, रिकाम्या पोटाचं अक्षर खरं धरू नका. तेव्हापासून कुणी कागद घेऊन आला की साहेब कागदाकडे बघतच नाहीत, विचारतात, "जेवलास?" मग तो माझ्याकडे येतो. जेवून झाल्यावरही जायचं असेल तर साहेब हात मिळवून सोडतात. काहीजण खरंच जातात, आणि त्यांचं बरोबरच असतं.

तू एकोणीस दिवस उपाशी आहेस, म्हणून तुझा कागद मी सात दिवस खरा धरणार नाही. सात दिवस मेसमध्ये जेव. गर्दीत जाऊ नकोस. अगदी शेवटी जा, वाढप संपल्यावर, जेव्हा स्वयंपाकघरातली माणसं स्वतः जेवायला बसतात. कुठल्याही मेसमध्ये खरं जेवण तेव्हाच होतं. खरवड, रश्श्याचा तळ, लपवून ठेवलेलं लोणी, सगळं तेव्हा निघतं. सरळ जाऊन बस. कोणी विचारलं तर सांग, आत्या स्वयंपाकीण आहे. त्या माणसांत एवढी ओळख पुरते.

आठव्या दिवशी सही करायची तर खुशाल कर. तुझ्या बापाशी मी बोलेन. त्याला मी झोळीत घालून झोपवलंय, मला घाबरतो तो अजून.

आत्या


२८ डिसेंबर

प्रिय आत्या,

सात दिवस झाले. लिहिते.

पहिल्या दिवशी दारात पाय अडकले. आत फक्त सहाजण होते. कर्नलबाई, तीन स्वयंपाकी, भांडी धुणाऱ्या मावशी, आणि शेवटच्या वर्षाची एक ताई, जिला सगळे दोनदाताई म्हणतात, कारण तिनं प्रत्येक वर्ष दोनदा केलंय. मी तुझं वाक्य म्हटलं. कर्नलबाई म्हणाल्या, "आत्या कोणी का असेना, तू महिनाभर कुठे होतीस?" मी चाट पडले. म्हटलं, तुम्हाला कसं माहीत? म्हणाल्या, "यादीबिदी मी वाचत नाही. माझी ताटं धुवायला येतात तेव्हा मोजलेली असतात. पहिल्या वर्षाचं एक ताट रोज कमी येतंय, कोणाचं ते कळत नव्हतं. बस."

आत्या, मला रडूच आलं. त्यांनी रडू दिलं आणि मधेच भात वाढला, वर खरवड.

दुसऱ्या दिवशी दोनदाताईनं विचारलं, "कशात उडालीस?" मी सांगितलं. ती म्हणाली, "हात्तिच्या! बाकीचे कॉलेज गिळतात गं, मी चावून खाते." तिच्यासोबत हसता येतं, हे मला माहीतच नव्हतं.

आणि शनिवारी गंमत झाली. रविवारच्या जेवणासाठी चाळीस कोंबड्या आल्या होत्या. मोठे स्वयंपाकी सुरी न आपटता सांधा उघडतात, नुसता अंगठा दाबतात आणि पाय निसटून येतो. मी विचारलं, कसं? त्यांनी माझा अंगठा धरून खुब्यावर ठेवला. त्या क्षणी मला पुस्तकातलं ते पान दिसलं. तो खळगा, तो गोळा, ती दोरी. चार महिने पाठ करत होते तेच. मी मोठ्यांदा नावं म्हणायला लागले, दोनदाताई चुका काढायला लागली, भांडीवाल्या मावशी म्हणाल्या, "हिला मंत्र येतात की." अकरा कोंबड्या मी केल्या. हातांना कोंबडीचा वास होता आणि मी हातानंच जेवले.

अर्ज अजून टेबलावर आहे. सही केली नाही, फाडलाही नाही. पाच तारखेपर्यंत वेळ आहे. मला अजून भीती वाटते. पण आता भरल्या पोटी वाटते, ती जरा लहान असते.

आता तुझी पाळी. बराच मोकळा वेळ होता म्हणून तुझी सगळी पत्रं पुन्हा वाचली. कांदा चरचरतो. भोपळ्याला रंग येतो. चव कुठे आहे आत्या? पूर्वी तू लिहायचीस, आंबट कमी पडलं, मिरी जास्त झाली, जीभ अजून हुळहुळतेय. आणि पातेल्यात पहिला चमचा दुसऱ्याला बुडवू देणारी तू? माझ्या बाबांच्या हातावर तू त्यासाठी पळी मारलेली आहेस.

उन्हाळ्यात तुला ताप आला होता. तेव्हापासून ना?

बुटकी


१ जानेवारी

बुटके,

गुरूची विद्या गुरूलाच. हे पत्र ट्रकने नाही, खाली जाणाऱ्या साहेबांच्या गाडीतून पाठवतेय, पाच तारखेआधी पोचावं म्हणून.

हो, तेव्हापासूनच. ताप गेला तो वास आणि चव घेऊन गेला. डोळे मिटून कांदा दिलास काय आणि सफरचंद दिलंस काय, मला सांगता येणार नाही. डॉक्टर म्हणतात, येईल किंवा येणार नाही. डॉक्टरांचं बरं असतं.

कोणाला सांगितलं नाही. लाज वाटली. जिभेशिवाय स्वयंपाकीण म्हणजे बोटांशिवाय शिंपी. मीही कागद लिहिला होता, बुटके. साहेबांकडे नेला. त्यांनी न बघता विचारलं, "जेवलात?" माझाच नियम माझ्या गळ्यात. जेवायला बसले तर घास नुसता चावायचा, खाली ढकलायचा. मनात म्हटलं, झालं, जेवले, आता जाते. उठले तर दारात सकाळच्या पाळीचे सत्तरजण उभे. आधी त्यांना वाढलं. तेवढ्यात कागदावर कोणीतरी गरम पातेलं ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ड्रिलवाल्याला बोलावून खरं सांगितलं. पहाड फोडणारा माणूस, पण मिठाचा एक कण जास्त झाला तर त्याला कळतो. तो चाखतो, मी हात चालवते. आठ महिने झाले, अजून कोणी ताट परत पाठवलेलं नाही.

तुला काय खाल्लंस ते लिही म्हटलं ना, ते निम्मं तुझ्यासाठी होतं. निम्मं माझ्यासाठी. तू खरवडीचं लिहिलंस तेव्हा माझ्या तोंडाला पाणी सुटलं. चव कळत नाही, पण पाणी सुटतं. किती महिन्यांनी.

मी तुला राहा म्हणत नाही. मी गेले नाही, एवढंच सांगते.

आत्या


३ मार्च

प्रिय आत्या,

तारीख गेली, अर्ज दिला नाही, हे तुला मागच्या चार ओळींत कळवलं होतंच. आता पुढचं.

फेरपरीक्षा झाली. शरीररचनेच्या तोंडी परीक्षेत सरांनी खुब्याचा सांधा हातात दिला. मी अंगठा दाबून उघडला. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "हे कुठे शिकलीस?" मी म्हटलं, मेसमध्ये. पास झाले, चांगल्या गुणांनी.

रसायनशास्त्र पुन्हा उडालं. सहा गुणांनी. म्हणजे पुढल्या वर्षी नव्या मुलांसोबत तो विषय करायचा आणि पाचाची सहा वर्षं होणार. निकाल वाचून मी थेट मेसमध्ये गेले. भर गर्दीत. माझ्यासारखे आणखी दोघं दाराशी घुटमळत होते, त्यांना दंडाला धरून आत नेलं. आता शेवटच्या फेरीला आम्ही नऊजण असतो.

मग बाबांना मी स्वतःच फोन केला, म्हटलं या. तू मधे पडायचं नाही, असं ठरवलं होतं मी. ते परवा आले. गळ्यात टेप तशीच, बसमध्येही काढली नव्हती. त्यांना शेवटच्या फेरीला नेलं. कर्नलबाईंनी त्यांच्या पानात खरवड वाढली, बाबांनी दोनदा घेतली. पाणी प्यायल्यावर मी सगळं सांगितलं. यादी, बिस्किटं, अर्ज, सहा गुण, सहा वर्षं. एका दमात.

त्यांनी पान बाजूला सारलं. मग म्हणाले, "उभी राहा." मी तासावरून तशीच आले होते, त्यांनी शिवलेला पांढरा कोट अंगात. त्यांनी टेप काढली, खांदा मोजला, छाती मोजली, बगलेत दोन बोटांनी कापड चिमटीत धरलं. चार बोटं सैल होतं. त्यांचे डोळे भरले, आत्या. मी कधी पाहिले नव्हते. मी म्हटलं, "बाबा, आत घेता का?"

त्यांनी टेप गुंडाळून खिशात ठेवली.

"नाही," म्हणाले. "सहा वर्षं आहेत. भरशील."

तुझी,
बुटकी